देववाणी लोकवाणीत येते तेव्हा

पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधिदर्शनासाठी दिंड्या येतात. सद्गुरूंच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतार्थ मराठीत आणला. धर्म लोकांच्या बोलीत यावा ही तळमळ अन्य धर्मांतील आचार्यांनाही होती. या पर्वानिमित्त आम्ही यहुदी पंडितांचे स्मरण करीत आहोत.

आपल्याकडे श्रुती व स्मृती, तसे यहुद्यांत तोरा हे मूळ शास्त्र आणि तलमूद ही परंपरा. केवळ मूळ शास्त्रच प्रमाण मानणारा पंथ कराईत होय. आठव्या शतकातील अनान बेन दावीद यास तो आपला पूर्वाचार्य मानतो. परंपरेचे कैवारी सादिया गाओन (८८२-९४२) यांनी या मताचे कठोर खंडन केले. तथापि सादियांनी तोरा अरबीत उतरविली आणि त्याच दहाव्या शतकात जेरुसलेमचे कराईत पंडित येफेत बेन एली यांनीही धर्मशास्त्राचे अरबी भाषांतर व भाष्य रचले. वाद प्रामाण्याचा होता. लोकभाषेविषयी दोहोंचे एकमत होते.

पुढे थोर तत्त्वज्ञ मायमोनिडीस (११३८-१२०४) झाले. त्यांचा भाऊ दावीद व्यापारासाठी हिंदुस्थानकडे येताना समुद्रात बुडाला. हिंदुस्थानातील यहुद्यांस तोरा ठाऊक नाही, ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढाच त्यांचा धर्म, असे मायमोनिडीसांनी एका पत्रात लिहिले आहे.

हे वर्णन आपल्या कोकणातील बेने इस्रायलांस चपखल लागू पडते. घाण्यावर तेल गाळणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. ग्रंथ हाती नसताही त्यांनी कित्येक शतके आचार जपला. एकोणिसाव्या शतकात ग्रंथ आले, तेही मराठीत. मिसर देशातील दास्यातून सुटकेची कथा सांगणारी, वल्हांडण सणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी आपल्या हरिकीर्तनाचीच रीत स्वीकारून योसेफ, मोशे यांची आख्याने लावली.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. कीर्तनाची मराठी पदेही त्यांच्यासमवेत गेली. आचाराने श्रद्धा टिकते. परंतु ती उमगते मायबोलीतच. ज्ञानदेवांच्या सद्गुरूंपुढे नतमस्तक होताना, आपल्याच मराठीत परमेश्वरास आळविणाऱ्या या बांधवांचेही आपण आदराने स्मरण करू या.