सदुसष्ट सालची यादी

डिसेंबर लागला की जगभरचे गाणंवेडे एका कामाला बसतात. वर्षभरात निघालेल्या अल्बमांतून आवडते दहा निवडायचे, त्यांना क्रम लावायचा आणि मग तो क्रमच कसा बरोबर, यावर अर्धा जानेवारी सरेपर्यंत वाद घालायचा. उद्योग निरुपद्रवी आहे, पण त्यात एक मेख आहे. साल संपतं तेव्हा त्या सालातलं बरंचसं संगीत कुणाच्या कानांवर पडलेलंच नसतं. काही तबकड्या दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात असतात, काही परक्या देशात असतात, तर काही अजून टेपवरून खाली उतरलेल्याच नसतात. हे सगळं एकाच ठिकाणी पाहायचं तर १९६७सारखं साल नाही.

आधी विक्रीचा हिशेब. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या वार्षिक यादीत १९६७चा पहिल्या क्रमांकाचा अल्बम कोणता होता? बीटल्सचा नव्हे. तो होता ‘मोअर ऑफ द मंकीज’. मंकीज हा दूरचित्रवाणी मालिकेसाठी जाहिरात देऊन जमवलेला चार पोरांचा बँड. जानेवारीत त्यांचा हा दुसरा अल्बम बाजारात आला तेव्हा त्यात कोणती गाणी घ्यायची हे त्या चौघांना कुणी विचारलंही नव्हतं. वाद्यं बहुतेक भाडोत्री वादकांनी वाजवलेली. तरी तो तब्बल १८ आठवडे अव्वल राहिला. मुलं चिडली, भांडली आणि पुढचा ‘हेडक्वार्टर्स’ त्यांनी हट्टाने स्वतः वाजवून काढला. तोही पहिल्या क्रमांकावर गेला, पण एकच आठवडा. नंतर तिथे ‘सार्जंट पेपर’ येऊन बसला. आज सदुसष्टच्या दहांत मंकीजना जागा देणारा रसिक शोधून सापडायचा नाही. ते थोडं अन्यायाचंच आहे, कारण नील डायमंडने लिहिलेलं ‘आय एम अ बिलीव्हर’ त्याच ‘मोअर ऑफ द मंकीज’वर आहे, आणि ते गाणं झकास आहे.

‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’बद्दल इतकं लिहून झालंय की नव्याने सांगायला फारसं उरलेलं नाही. तरी त्याचं वेगळेपण वेळेच्या हिशेबात चटकन कळतं. बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी फेब्रुवारी १९६३मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली होती. ‘सार्जंट पेपर’साठी लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ या काळात मिळून सुमारे ७०० तास खर्ची पडले. यंत्रं चारच ट्रॅकची. म्हणून चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्रावर घ्यायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचा थर चढवायचा, अशी निर्माते जॉर्ज मार्टिन यांची कसरत चाले. जाणकार आजही ‘मोनो’ प्रतीच्या शोधात असतात, ते उगीच नव्हे. मोनो मिश्रणाच्या वेळी बीटल्स स्वतः हजर होते. स्टिरिओचं काम नंतर त्यांच्यावाचून झटपट उरकलं गेलं.

या अल्बममधलं जॉर्ज हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणं लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलच्या भारतीय वादकांनी वाजवलं आहे. दिलरुबा त्यात ठळक ऐकू येतो. हॅरिसन सोडला तर बीटल्सपैकी कुणीच त्या गाण्यात नाही. मुखपृष्ठावरच्या गर्दीत परमहंस योगानंद आणि त्यांच्या परंपरेतले गुरू आहेत. महात्मा गांधींचंही चित्र तिथे होतं, पण भारतात तक्रारी होतील या धास्तीने ईएमआय कंपनीने ते काढायला लावलं. भारतात एचएमव्हीच्या तबकड्या काढणारी ग्रामोफोन कंपनी तेव्हा याच ईएमआयच्या घरातली होती. तिच्याकडे पुढे वळायचंच आहे.

त्याआधी अरीथा फ्रँकलिन. चर्चमध्ये गात वाढलेल्या या बाईला कोलंबिया कंपनीने जवळपास सहा वर्षं गुळगुळीत, शहरी गाणी गायला लावली होती. करार संपला तेव्हा अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्स्लरने तिला अलाबामातल्या मसल शोल्स या आडगावच्या ‘फेम’ स्टुडिओत नेलं आणि पियानोपाशी बसवलं. जानेवारी १९६७मधली ही गोष्ट. एक गाणं पुरं झालं, दुसरं अर्धं, आणि तेवढ्यात तिचा नवरा व स्टुडिओतली माणसं यांच्यात भांडण पेटलं. रात्री हॉटेलात ते आणखी चिघळलं. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या वाटेने गेले. वेक्स्लरने मग त्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून उरलेलं काम पुरं केलं. मार्चमध्ये ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ निघाला. त्यातलं ‘रिस्पेक्ट’ मुळात ओटिस रेडिंगचं, १९६५चं. त्याच्या तोंडी ते घरी परतलेल्या नवऱ्याचं मागणं होतं. अरीथाने त्याच्या शीर्षकाची अक्षरं सुटी सुटी फेकली, मागे बहिणींचा कोरस उभा केला आणि गाण्याची मालकी कायमची बदलली. सदुसष्टमधला एकच अल्बम घरी ठेवायची मुभा असेल तर तो हा असावा. ‘सार्जंट पेपर’मधल्या करामतींचं कौतुक वाटतं. अरीथाच्या तबकडीत करामत दिसतच नाही, पण पहिल्या सुरापासून बसल्या जागी माणूस सरळ होतो.

त्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका बँडची तबकडी निघाली, तिच्या पांढऱ्या मुखपृष्ठावर अँडी वॉरहॉलने काढलेलं केळं होतं. सुरुवातीच्या प्रतींवर त्या केळ्याचं साल खरोखर सोलता येई. ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’. बहुतेक ध्वनिमुद्रण आदल्या वर्षीच झालं होतं, पण कंपनीने ते रेंगाळत ठेवलं. विषय हेरॉइनचे, रस्त्यावरच्या व्यवहारांचे. त्यात जॉन केलचा कर्कश व्हायोला. रेडिओवाल्यांनी हात लावला नाही. वर मागच्या बाजूच्या छायाचित्रात आपला चेहरा परवानगीविना छापला म्हणून एकाने पैसे मागितले आणि विक्री अडली. बिलबोर्डच्या तक्त्यावर अल्बमची झेप १७१व्या क्रमांकापर्यंतच गेली. पण ज्यांच्यापर्यंत तो पोचला त्यांनी तो सोडला नाही. चेकोस्लोव्हाकियात प्राग शहरात ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा बँड व्हेल्व्हेटची गाणी वाजवत उभा राहिला. त्या गोटातल्या लोकांची १९७६मध्ये धरपकड झाली, त्यातून ‘चार्टर ७७’ची चळवळ निघाली आणि त्या चळवळीतले वाक्लाव हावेल १९८९च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष झाले.

याद्या किती हलतात ते आकड्यांत पाहावं. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ साली सर्वकालीन पाचशे अल्बमांची क्रमवारी लावली, तेव्हा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता, व्हेल्व्हेट तेरावा आणि अरीथाचा अल्बम त्र्याऐंशीवा. २०२०मध्ये मतदारवर्ग बदलून नवी यादी केली. अरीथा १३वर आली, व्हेल्व्हेट २३वर गेला आणि ‘सार्जंट पेपर’ त्याच्या लगेच खाली, २४वर. तबकड्यांमधला एक सूरही दरम्यान बदललेला नव्हता. मत देणाऱ्यांत तरुण, स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांचं प्रमाण वाढलं होतं.

गंमत म्हणजे सदुसष्टच्या डिसेंबरात रॉकच्या अल्बमांची गंभीर वार्षिक यादी करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालेला. अल्बम म्हणजे दोन हिट गाणी आणि बाकी भरताड, हा समज नुकता कुठे मोडू लागला होता. इंग्लंडमध्ये तर हिट गाणी अल्बममध्ये न घालण्याचीच रीत होती, म्हणून जिमी हेंड्रिक्सच्या ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’च्या ब्रिटिश प्रतीत ‘पर्पल हेझ’ नाही आणि अमेरिकी प्रतीत आहे. कोणती प्रत यादीत धरायची, यावर दर्दी मंडळींचं अजून एकमत नाही.

बक्षिसं मात्र होती. फेब्रुवारी १९६८च्या ग्रॅमी सोहळ्यात ‘सार्जंट पेपर’ वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. रॉकला तो मान प्रथमच मिळाला. त्याच सोहळ्यात पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला चेंबर म्युझिकचं ग्रॅमी मिळालं. १८ जून १९६७ या रविवारी दुपारी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे महोत्सवात रविशंकर अल्लारखाँसाहेबांना साथीला घेऊन बसले होते आणि दुपारला साजेसा भीमपलास त्यांनी वाजवला. त्याच रात्री त्याच मंचावर हेंड्रिक्सने गिटार पेटवली. माँटेरेच्या त्या मैफलीचाही अल्बम वर्ष सरायच्या आत निघाला.

आणि तरीही भारतातल्या ज्या अल्बमने सदुसष्ट सालाची शान वाढवली, तो त्या वर्षीच्या कुठल्याच पाश्चात्त्य यादीत नव्हता. एचएमव्हीने काढलेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी त्याची मांडणी. अहिर भैरव आणि नट भैरवाने उजाडतं, मग पिलू, सांजेला भूप, पुढे देस आणि शेवटी पहाडी. रागांच्या वेळा ठाऊक असणाऱ्या श्रोत्याला वेगळं काही समजावून सांगायची गरजच नाही. घड्याळ रागांतच आहे. बीटल्स एका काल्पनिक बँडची गोष्ट सांगत असताना इकडे तिघा तरुणांनी विनाशब्द एक अख्खा दिवस उभा केला. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तिघेही तिशीच्या आसपासचे. तबल्यावर माणिकराव पोपटकर.

यातली दोन वाद्यं तेव्हा शास्त्रीय मैफलीत पाहुणीच होती. संतूरवर मींड निघत नाही, मग त्यावर राग कसा वाजणार, असं विचारणारे पुष्कळ होते. गिटार तर सिनेमाची आणि हॉटेलची, ही समजूत. काब्रा ती मांडीवर आडवी ठेवून उस्ताद अली अकबर खाँसाहेबांची तालीम तिच्यातून काढत. अशा वाद्यांना एका सूत्रात ओवून एलपी काढण्यामागे कंपनीतले जी. एन. जोशी होते. मराठी रसिकांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. विदर्भातून आलेला हा वकील मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतला गायक. १९३८च्या सुमारास ते एचएमव्हीत गेले आणि मग त्यांचा मुक्काम काचेच्या पलीकडे, ध्वनिमुद्रणाच्या बाजूला राहिला. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणींच्या पुस्तकात त्या काळातले गायक-वादक भेटतात. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ विदेशांत पोचला आणि हळूहळू भारतीय संगीताची पहिली तबकडी म्हणून घरोघरी घेतला जाऊ लागला. साठच्या दशकाच्या जागतिक याद्यांत तो आजही क्वचितच दिसतो. दहांतल्या एका जागेसाठी तो नक्की भांडण करण्याजोगा आहे.

सालाच्या शेवटच्या आठवड्यात कॅलेंडरने आणखी एक खोडी काढली. २७ डिसेंबरला कोलंबियाने दोन अल्बम काढले. एक तेहतीस वर्षांच्या कॅनेडियन कवी-कादंबरीकाराचा पहिलाच, ‘साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन’. दुसरा बॉब डिलनचा ‘जॉन वेस्ली हार्डिंग’. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही सदुसष्टचे, पण नववर्षाला चार दिवस उरले असताना ते ऐकून त्यांना क्रम कुणी दिला असणार? लोकांच्या कानांनी ते अडुसष्टचेच.

डिलनने त्याच वर्षी याहून मोठा घोळ घालून ठेवला होता. मोटरसायकलच्या अपघातानंतर तो न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकच्या परिसरातच राहत होता. तिथे उन्हाळ्यात ‘द बँड’ या नावाने पुढे गाजलेल्या मित्रांबरोबर एका घराच्या तळघरात तो रोज गाणी वाजवत बसे आणि टेप चालू असे. अल्बम काढायचा विचार नव्हता. १९६९मध्ये त्यातली काही गाणी ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाच्या चोरट्या तबकडीवर फिरू लागली. कंपनीने ‘द बेसमेंट टेप्स’ अधिकृतपणे काढला तो १९७५ साली, दोन तबकड्या आणि २४ गाणी, त्यांपैकी आठ एकट्या ‘बँड’ची.

तोवर न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात समीक्षक रॉबर्ट क्रिस्गाउ यांनी ‘पॅझ अँड जॉप’ नावाची वार्षिक मतमोजणी सुरू केली होती. प्रत्येक समीक्षकाने दहा अल्बम निवडायचे आणि शंभर गुण त्यांच्यात वाटायचे. एकाला कमीत कमी पाच, जास्तीत जास्त तीस. आवडीला अंकगणितात बसवायचा हा खटाटोप चक्रम वाटला तरी चार दशकांहून अधिक काळ चालला. १९७५च्या मोजणीत पहिला आला ‘द बेसमेंट टेप्स’. म्हणजे पंच्याहत्तर सालचा समीक्षकांच्या मते सर्वोत्तम अल्बम मुख्यतः सदुसष्टच्या उन्हाळ्यातला होता. २०१४मध्ये त्याच टेपांचा सहा सीडींचा संच निघाला, १३८ ध्वनिमुद्रणांचा, आणि त्या डिसेंबरात याद्या करणाऱ्यांपुढे तो पुन्हा येऊन उभा राहिला. बहुतेकांनी त्याला ‘पुनर्प्रकाशन’ असा वेगळा रकाना करून दिला.