जव्हारचा राजवाडा आणि परिसर पाहताना

जव्हारच्या डोंगरावर मुकणे घराण्याने सहाशेहून अधिक वर्षे राज्य केले. महादेव कोळी समाजातील जयबा मुकणे हे या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांचा मुलगा निमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने 1343 मध्ये राजा म्हणून मान्यता दिली, आणि 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजघराण्यांच्या खुणा सगळीकडे सारख्या उरत नाहीत: इजिप्तच्या राजांनी कबरींसाठी डोंगर पोखरले, तर दहनाची रीत असलेल्या राजघराण्यांमागे समाधी, छत्री किंवा वाडा उरतो. जव्हारमध्ये नजरेत भरतो तो वाडाच.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा जय विलास पॅलेस गुलाबी छटेच्या दगडाचा आहे. घुमट, कमानी आणि युरोपीय धाटणीचे खांब असलेली ही वास्तू टेकडीवर झाडीत उभी आहे. ती खाजगी मालमत्ता आहे, हे निघण्याआधीच ध्यानात घ्यावे. आत प्रवेश मिळतो की नाही, वेळ कोणती, शुल्क किती, छायाचित्रे काढता येतात का, याची चौकशी गावात शिरताच करावी. इजिप्तमधल्या लक्सरजवळच्या राजांच्या आणि राण्यांच्या खोऱ्यांत कबरींच्या भिंतींवरच्या रंगांना प्रवाशांच्या श्वासातला ओलावाही बाधतो. तेथे कबरी आळीपाळीने बंद ठेवतात, आणि नेफरतारी राणीच्या कबरीत तर प्रत्येकाला मोजकीच मिनिटे मिळत. जव्हारच्या वाड्यातल्या जुन्या लाकूडसामानाला आणि तसबिरींना हात न लावणे एवढी काळजी तरी पाहुण्याने घ्यायलाच हवी.

गावालगतचे शिरपामाळ चुकवू नये. सुरतेच्या पहिल्या मोहिमेवर जाताना, 1663 सरता सरता, शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला व विक्रमशहा राजाने त्यांचे स्वागत केले, असे सांगतात. याच विक्रमशहाकडून 1672 मध्ये महाराजांचे सेनानी मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतले. या दोन घटना एकत्र ठेवल्या तरच डोंगरी संस्थानाचे राजकारण नीट कळते. शिरपामाळच्या स्मारकापाशी मात्र बहुतेक प्रवासी पहिलीच ऐकून परततात.

मोखाड्याच्या वाटेवर राजांपेक्षा साध्या माणसांच्या खुणा अधिक भेटतात. पाड्याच्या शिवेवर वाघदेव असतो: दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, अंगावर शेंदराचा जाड थर. मृतांच्या आठवणीसाठी उभारलेले कोरीव दगड आणि खांबही काही ठिकाणी दिसतात. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या कबरीत आज कोणी नैवेद्य ठेवत नाही, येथे ठेवतात. म्हणून जोडे दूर काढावेत, दगड हलवू नयेत, आणि फोटोआधी पाड्यातल्या जाणत्या माणसाला विचारावे.

जाण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात डोंगर देखणे होतात, पण घाटात धुके दाटते आणि ओढे रस्त्यावर येतात. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी पुरेसे बरोबर न्यावे, पाड्यांवर मागू नये. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच असूनही याच तालुक्यातल्या बायकांना एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. ही गोष्ट प्रवाशाने वाड्याइतक्याच लक्षपूर्वक पाहावी.

मुंबईकरांना मनोर-विक्रमगडमार्गे किंवा कसाऱ्याहून खोडाळा-मोखाड्यामार्गे जाता येते. नाशिककरांना त्र्यंबकेश्वरवरून मोखाडा गाठणे सोपे. एसटीने जाणाऱ्याने परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्थानकावर उतरताच विचारून ठेवावी, आणि स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याने घाट चढण्याआधी टाकी भरून घ्यावी. रोख पैसेही जवळ असावेत, कारण आतल्या गावांत मोबाइलची रेंज वारंवार जाते.