परतीच्या होडीची वाट

निर्मनुष्य बेटे दोन प्रकारची असतात. काहींवर माणूस कधी वसलाच नाही. काहींवर तो वसला, पिढ्यान्‌पिढ्या नांदला आणि एके दिवशी निघून गेला. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात असलेला सेंट किल्डा हा द्वीपसमूह दुसऱ्या प्रकारातला. बडोद्याच्या आम्हा उभयतांना तो पाहण्याचा योग गेल्या जून महिन्यात आला.

आमच्या छोट्या जहाजावर प्रवासी अवघे बारा. नॉर्थ युइस्ट बेटापासून अंतर सुमारे ६४ किलोमीटर. पण लाटा अशा, की न्याहारीचे नाव काढण्याची कोणाची छाती होईना. अखेर हिर्टा या मुख्य बेटाच्या व्हिलेज बे नामक उपसागरात नांगर पडला. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी आमच्या पिशव्यांत उंदीर शिरला नाही ना, याची तपासणी झाली. पक्षी येथे जमिनीवर व बिळांत अंडी घालतात; उंदरांची एक जोडी त्यांचा काळ ठरू शकेल. बेटाची मालकी नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. त्यांची आगाऊ परवानगी घेऊन आम्ही एका रात्रीपुरता तंबू ठोकला. उन्हाळ्यात येणारे रखवालदार आणि लष्करी ठाण्यावरील नोकरमंडळी सोडली, तर येथे कायमचा रहिवासी कोणी नाही.

गावात रस्ता एकच, घरे सोळा, बहुतेकांची छपरे गेलेली. डोंगरउतारावर मात्र दगडांच्या, गवताच्या मातीने शाकारलेल्या बाराशेहून अधिक कोठ्या अद्याप उभ्या आहेत. दगडांच्या फटींतून वारा खेळे आणि आत साठवलेले पक्षी वाळत. होय, पक्षीच! येथील माणसे समुद्रपक्ष्यांचे मांस व अंडी खात आणि पिसे देऊन खंड भरीत. पक्षी धरण्यासाठी ती दोराला लटकून कड्यांवरून उतरत. ४३० मीटर उंचीच्या कोनाकेअर कड्यावर पालथे पडून आम्ही खाली डोकावलो, तेव्हा त्या धारिष्ट्याची कल्पना आली.

सायंकाळी वारा आग्नेयेचा झाला. हा उपसागर नेमका त्याच दिशेस उघडा. जहाजाने नांगर उचलून बेटाची दुसरी बाजू गाठली. एकाऐवजी दोन रात्री आम्हांस तंबूत काढाव्या लागल्या. कापड फडफडत होते, बिस्किटे मोजून खात होतो आणि कान समुद्राकडे लागले होते.

अशा वेळी १७२७ ची हकिगत आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन पुरुष व आठ मुलगे पक्षी धरण्यासाठी स्टॅक ॲन आर्मिन या सुळक्यावर उतरले. इकडे गावात देवीची साथ आली. त्यांना आणायला होडी वल्हवण्याइतके हात उरले नाहीत. मे १७२८ मध्ये होडी आली, तोवर ती अकरा माणसे त्या खडकावर वाट पाहत होती!

बेटाचा शेवटही असाच झाला. १८५२ मध्ये छत्तीस जण ऑस्ट्रेलियास निघून गेले, पुढे तरुणही एकेक करून गेले. १९३० च्या आरंभी एक तरुण स्त्री आजारी पडून दूरच्या इस्पितळात दगावली, तेव्हा उरलेल्यांनी आम्हांस येथून न्या, असा अर्ज सरकारकडे केला. २९ ऑगस्ट १९३० रोजी छत्तीस माणसांनी बेट सोडले. निघताना घरोघरी बायबल उघडे ठेवले, शेजारी ओटची लहानशी रास घातली.

तिसऱ्या दिवशी वारा पडला, होडी आली. वसाहत वादळाने उठत नाही. वल्ह्याला हात कमी पडले की उठते. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात आपले घर, आपली भाषा राखून राहिलेल्या आम्हांस हे कोणी वेगळे समजावून सांगायला नको होते. बेट धुक्यात दिसेनासे होईपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.