पिस्टन का जळतो?

यामाहा आर.एक्स. १०० ही मोटारसायकल भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. पण तिचे शौकीन आपल्या नागपुरात आजही भेटतात. तेवढ्या वेगाने त्यांचे समाधान होत नाही. मग सिलिंडरची दारे कोरून मोठी करणे, कार्बुरेटर बदलणे असे उपचार होतात, आणि एके दिवशी पिस्टन अडकतो. दोष दिला जातो वैशाखाच्या उन्हाला. आम्हांस तो अर्धवट वाटतो.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक भडका उडतो. मिनिटाला ७५०० फेरे धरले तर सेकंदाला सव्वाशे! पिस्टनला उसंत अशी नाहीच. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, भोवतालची बाही लोखंडाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोहोंमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, आणि तीत तेलाचा पातळ थर. पेट्रोल कमी पडले की पिस्टन अधिक तापतो, फट बुजते, थर फाटतो.

आता थंडीचे पाहा. १० अंशांवरची हवा ४५ अंशांवरच्या हवेपेक्षा शेकडा १२ जड असते. मे महिन्यात बेताने बसवलेला जेट जानेवारीच्या पहाटे पेट्रोल अपुरे देतो. त्यात रामदासपेठेतून निघून वर्धा रोडला लागताच कोणी मूठ पूर्ण पिळली, तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मात्र गारच! अशा पिस्टनवर चार बाजूंना चार ओरखडे दिसतात.

ऊन अगदीच निर्दोष नाही. ठिणगी फार लवकर पडत असेल किंवा पेट्रोलात रॉकेलची भेसळ असेल, तर उष्ण हवेत इंजिन ठोके देऊ लागते. पिस्टनची कड वाळवीने खाल्ल्यासारखी होते. प्लग चुकीच्या जातीचा असला तर तो निखाऱ्यासारखा लाल राहून ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. हवेची जाळी काढून टाकणाऱ्यांच्या पिस्टनची आत घेणारी बाजू धुळीने घासून मळकट होते. ओरखडे फक्त धूर सोडणाऱ्या बाजूला असतील, तर अतिउष्णता किंवा तेलाची टंचाई समजावी.

म्हणून जुना पिस्टन भंगारात टाकण्यापूर्वी मेस्त्रीकडून मागून घ्यावा व उजेडात नीट पाहावा. कारण न शोधता बसवलेला नवा पिस्टन त्याच वाटेने जातो. धावत्या गाडीचा पिस्टन अडकला की मागचे चाकही जखडते आणि स्वार फेकला जातो. इंजिनाचा आवाज एकाएकी दबला की आधी क्लच दाबावा. ब्रेकचा विचार नंतर.