लिनक्सची स्थापना : यंत्र अडते कोठे?

संगणकाला कामास लावणाऱ्या मूळ कार्यक्रमसंचास कार्यप्रणाली असे म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, डिस्कवर मजकूर लिहिणे व तो पुन्हा शोधून काढणे, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांना यंत्राचा वेळ वाटून देणे, ही सर्व व्यवस्था तिच्याकडे असते. आज संगणक विकत घेतला की कार्यप्रणाली त्यात बहुधा आधीच बसविलेली असते. लिनक्स ह्या कार्यप्रणालीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मात्र ती ज्याला हवी त्याने स्वतःच बसवावयाची, अशीच रीत होती. ह्या कामात यंत्र वारंवार अडे; आणि ते कोठे अडले हे पाहून का अडले हे ओळखणे, ही एक लहानशी विद्याच होऊन बसली होती.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक कार्यप्रणाली रचीत असल्याचे जाहीर केले, व सप्टेंबरात तिची ०.०१ ही पहिली आवृत्ती इतरांसाठी खुली केली. ती इंटेल कंपनीच्या ८०३८६ ह्या प्रोसेसरवर चाले. तिला स्वतंत्र प्रणाली म्हणणे धाडसाचेच होते. कारण तिची जुळणी करण्यास मिनिक्स ही दुसरी प्रणाली आधी यंत्रात असावी लागे. मिनिक्स ही ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्रयू टॅनेनबॉम यांनी अध्यापनासाठी लिहिलेली प्रणाली होय. शिवाय ०.०१ मध्ये कळफलकाची मांडणी फिनलंडमधील पद्धतीची होती. अन्य देशांतील माणसाने एक कळ दाबावी आणि पडद्यावर भलतेच चिन्ह उमटावे, असा प्रकार होई.

पुढे दोन फ्लॉपींची पद्धत आली. पहिल्या फ्लॉपीवर प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो असे. दुसरीवर फाइलींची मूळ मांडणी व काही उपयुक्त आज्ञा असत. हार्ड डिस्कवर हलवावयाचे तर कर्नलला ‘तुझी मूळ मांडणी आता डिस्कच्या अमुक विभागावर आहे’ असे सांगणे आवश्यक होते. हे सांगण्याची सोय आरंभी फारच ओबडधोबड होती. कर्नलच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात ५०८ व ५०९ ह्या स्थानी दोन संख्या असत. त्या हाताने बदलाव्या लागत. पहिल्या डिस्कचा पहिला विभाग हवा असेल तर तेथे अनुक्रमे १ आणि ३ लिहावयाचे, कारण इंटेलचे यंत्र संख्येचा कनिष्ठ भाग आधी ठेवते. कोणी ३ आणि १ असा क्रम लावला तर यंत्र सुरू होई, कर्नल स्मृतीत येई, आणि मूळ मांडणी सापडत नाही असे सांगून तेथेच थांबे.

१९९३ च्या जुलैमध्ये स्लॅकवेअर हा तयार संच निघाला, व त्याच वर्षी डेबियनचे काम सुरू झाले. अशा संचांमुळे हाताने आकडे बदलण्याचे दिवस संपले. अडचणी संपल्या नाहीत. संपूर्ण संच म्हणजे काही डझन फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीवर ८० मार्ग, दोन बाजू, प्रत्येक मार्गावर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट. एकूण १४,७४,५६० बाइट. ह्यांतील एक सेक्टर जरी खराब असला तरी स्थापना अर्ध्यावर मोडे. नवशिक्यांची एक चूक सर्वत्र आढळे. आरंभीच्या फ्लॉपीची प्रतिमा ही साधी फाइल नसून फ्लॉपीच्या सर्व सेक्टरांची क्रमवार नक्कल असते; ती डॉसच्या नेहमीच्या नकल-आज्ञेने फ्लॉपीवर ठेवली तर फ्लॉपीवर एक फाइल तेवढी येते, यंत्र काही तिच्यावरून सुरू होत नाही. त्यासाठी रॉराइट नावाचा छोटा कार्यक्रम वापरून सेक्टरामागून सेक्टर लिहावा लागे.

खरी जोखीम हार्ड डिस्कच्या विभागणीत होती. बहुतेकांच्या घरी यंत्र एकच, त्यात आधीपासून डॉस अथवा विंडोज, आणि त्यातच स्वतःचे सारे लेखन साठविलेले. लिनक्ससाठी जागा करावयाची म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरातील विभागांचा तक्ता बदलावयाचा. हा तक्ता अवघा ६४ बाइटांचा असतो. त्यातील एका आकड्याची चूक झाली तर मजकूर डिस्कवर जागच्या जागी असूनही यंत्राला तो दिसेनासा होई. खुद्द टोरवाल्ड्स यांच्या हातूनही १९९१ च्या अखेरीस असे काही घडले. मोडेमला द्यावयाची दूरध्वनी-क्रमांक फिरविण्याची आज्ञा त्यांनी चुकीने हार्ड डिस्ककडे धाडली, आणि मिनिक्सच्या विभागाचा आरंभीचा भाग पुसला गेला. मिनिक्स पुन्हा बसविण्याऐवजी त्यांनी तेथून पुढे लिनक्सवरच काम करण्याचे ठरविले. इतरांजवळ अशा वेळी स्वतः रचलेली दुसरी प्रणाली नसे. म्हणून विभागणीपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची नक्कल फ्लॉपीवर घेऊन ठेवा, असा इशारा जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शिकेत असे. तो न वाचणारेही पुष्कळ असत.

विभागणी सुरळीत झाली, फाइली उतरल्या, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, आणि पडद्यावर रोमन लिपीतील ‘एल’ व ‘आय’ ही दोनच अक्षरे उमटून सारे स्तब्ध झाले, हा त्या काळचा सर्वांत परिचित बिघाड होय. तो समजून घेण्यासाठी यंत्र सुरू होताना काय घडते हे थोडे पाहावयास हवे.

वीज मिळताच मुख्य पाटीवरील चिपेत कायमचा साठविलेला बायॉस हा कार्यक्रम जागा होतो. तो डिस्कचा पहिला सेक्टर वाचून स्मृतीत आणतो व कारभार त्याच्या हाती देतो. ह्या सेक्टराच्या ५१२ बाइटांतून विभागांचा तक्ता व शेवटची खूण वजा केली की ४४६ बाइट उरतात. एवढ्याशा जागेत कर्नल शोधून आणणारा पुरा कार्यक्रम मावत नाही. म्हणून वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेल्या लिलो ह्या आरंभकाचे दोन टप्पे केलेले होते. पहिला टप्पा दुसऱ्याला आणी, आणि दुसरा कर्नलला. पायरी ओलांडली की लिलो स्वतःच्या नावातील एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. चारही अक्षरे, म्हणजे एल, आय, एल, ओ, दिसली की सर्व ठीक. एकही अक्षर नसेल तर लिलो बसलेलाच नाही किंवा त्याचा विभाग कार्यरत म्हणून नोंदलेला नाही. नुसता ‘एल’ आणि पुढे दोन आकडे असतील तर पहिल्या टप्प्याला दुसरा वाचता आलेला नाही. ते आकडे कारण सांगतात, उदाहरणार्थ ०४ म्हणजे सेक्टर सापडला नाही. ‘एल-आय’ म्हणजे दुसरा टप्पा आणला गेला, पण तो चालू झाला नाही. तीन अक्षरांवर थांबल्यास दुसरा टप्पा चालू झालेला असून कर्नलच्या ठावठिकाण्याचा तक्ता त्याला वाचता येत नाही. यंत्र आपले नाव उच्चारता उच्चारता जेथे अडखळे, तेथेच त्याचे दुखणे असे. बिघाडाची खबर देण्याची याहून काटकसरीची रीत क्वचितच कोणी योजली असेल.

दुसरा टप्पा आणला जाऊनही चालू का होऊ नये? येथे डिस्कच्या पत्त्यांचा प्रश्न येतो. बायॉस सेक्टराचा पत्ता तीन संख्यांनी सांगे: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. सिलिंडरसाठी १० बिट, म्हणून कमाल १,०२४ सिलिंडर. सेक्टरसाठी ६ बिट, म्हणून कमाल ६३. घरगुती संगणकांतील आयडीई डिस्कला हेड १६ पेक्षा जास्त सांगता येत नसत. गुणाकार केला तर १,०२४ × १६ × ६३ × ५१२ म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट, ही डिस्कची मर्यादा ठरली. याहून मोठ्या डिस्का बाजारात येताच बायॉस रचणाऱ्यांनी एक युक्ती काढली. डिस्क २,००० सिलिंडर व १६ हेड असल्याचे सांगत असेल तर बायॉसने ती १,००० सिलिंडर व ३२ हेडची आहे असे मानावयाचे. गुणाकार तोच राहतो, आणि आकडे मर्यादेत बसतात.

परंतु त्यामुळे एकाच सेक्टराला दोन पत्ते झाले. पहिल्या हिशेबाने प्रत्येक सिलिंडरात १६ × ६३ म्हणजे १,००८ सेक्टर, दुसऱ्याने २,०१६. म्हणजे ६००वा सिलिंडर एका हिशेबाने ६,०४,८०० सेक्टरांनंतर, तर दुसऱ्याने १२,०९,६०० सेक्टरांनंतर सुरू होणार. कर्नल एकदा चालू झाला की बायॉसला विचारीत नसे, डिस्कशी थेट बोले. त्यामुळे त्याच्याजवळ डिस्कचे स्वतःचे आकडे असण्याचा संभव असे. लिलो बसविला जाई कर्नल चालू असताना, आणि पुढच्या खेपेस कामाला लागे बायॉसच्या मदतीने. नगरपालिकेने घरांचे क्रमांक बदलावेत, पत्र लिहिणाऱ्याने जुना क्रमांक घालावा आणि पोस्टमनने नवी यादी घेऊन निघावे, तसा हा घोटाळा होता. पत्र कोणत्या तरी घरात पडे. पण ज्याचे त्याला मिळत नसे. लिलोचा पहिला टप्पा भलताच सेक्टर उचलून आणी व त्याला कारभार सोपवी, आणि पडद्यावर ‘एल-आय’ राही.

लिलोला फाइलींची नावे कळत नसत, केवळ सेक्टरांचे पत्ते ठाऊक असत. म्हणून नवा कर्नल जुन्याच नावाने जुन्याच ठिकाणी ठेवला तरी लिलोची आज्ञा पुन्हा चालविणे भाग असे. तसे न केल्यास टिपून ठेवलेले पत्ते रिकाम्या झालेल्या जागेकडे बोट दाखवीत राहत. अनुभवी माणसेही हे विसरत. उपाय मात्र कठीण नव्हता. आरंभीची फ्लॉपी लावून, मूळ मांडणी हार्ड डिस्कवरील आहे असे कर्नलला सांगून यंत्र सुरू करावयाचे, आणि लिलो पुन्हा बसवावयाचा. पत्त्यांचा घोटाळा असेल तर लिलोच्या मांडणी-फाइलीत क्रमवार पत्ते वापरण्याची सूचना घालीत; त्याने सेक्टर एका सलग क्रमांकाने नोंदला जाई आणि तीन संख्यांत त्याचे रूपांतर सुरू होतेवेळी बायॉसच्या हिशेबाने होई. १,०२४ सिलिंडरांपलीकडे बायॉसला वाचताच येत नसे, म्हणून कर्नल ठेवण्यासाठी डिस्कच्या आरंभी एक लहान विभाग राखून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. सुमारे २००० साली लिलोला मोठे पत्ते वापरण्याची सोय मिळाली आणि ही मर्यादा हटली. विंडोज ९५ मागाहून बसविल्यास ती पहिल्या सेक्टरात स्वतःचा मजकूर लिही व लिलो नाहीसा होई. तेथेही हीच फ्लॉपी उपयोगी पडे.

कर्नल चालू झाल्यावरचे अडथळे निराळे. नेटवर्कचे कार्ड सापडत नाही, ही तक्रार नेहमीची. त्या काळच्या पुष्कळ कार्डांवर लहान जंपर असत, व त्यांनी कार्डाचा पत्ता आणि खंड-संकेताची रेषा ठरे. खंड-संकेत म्हणजे ‘हातातले काम थांबवून इकडे पाहा’ अशी प्रोसेसरला दिलेली हाक. रेषा ३ दुसऱ्या क्रमिक जोडणीची, ४ पहिलीची, ७ छपाईयंत्राची. ५ बहुधा ध्वनीकार्डाने घेतलेली. नेटवर्कचे कार्ड ३ वर ठेवले आणि मोडेमही तेथेच असला, तर दोन्ही एकेकटी चालत व एकत्र आली की अडत. यंत्रातील चालू नोंदींवरून कोणती रेषा कोणाकडे आहे हे पाहता येई. मग पेटी उघडून जंपर हलवावयाचा.

चित्रमय पडद्याची मांडणी ही एकच बाब अशी होती की जिच्यात यंत्रालाच इजा होण्याचा संभव असे. मांडणी-फाइलीत पडद्याचे आकडे हाताने भरावे लागत. ६४० × ४८० च्या साध्या चित्रासाठी सेकंदाला २,५१,७५,००० बिंदू पाठविले जात. परतीचा वेळ धरून एका ओळीस ८०० बिंदू लागतात, म्हणून सेकंदाला सुमारे ३१,४६९ ओळी. आणि एका चित्रास ५२५ ओळी, म्हणून सेकंदाला सुमारे ६० चित्रे. मॉनिटरला झेपणाऱ्या मर्यादेपलीकडचे आकडे दिले तर चित्र फाटल्यासारखे दिसे, आणि काही जुन्या, एकाच वेगाच्या मॉनिटरांतील भाग जळण्याची भीती असे. कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस ह्या तीन कळा एकदम दाबून पडदा त्वरित बंद करता येई. ही गोष्ट आधी पाठ करून मगच आकड्यांना हात लावणे इष्ट होते. पुढील काळात मॉनिटर आपल्या मर्यादा स्वतःच संगणकाला कळवू लागले.

लिनक्सच्या कर्नलने २०१३ सालच्या ३.८ ह्या आवृत्तीपासून ८०३८६ ची साथ सोडली आहे, आणि लिलोचा विकासही २०१५ च्या अखेरीस थांबला. तथापि हे सर्व प्रत्यक्ष करून पाहावयाचे असल्यास जुने यंत्र शोधावयास नको. क्यूईएमयू ह्या विनामूल्य कार्यक्रमाच्या साहाय्याने आजच्या संगणकात एक कल्पित जुना संगणक उभा करता येतो, आणि त्यात स्लॅकवेअरची जुनी आवृत्ती बसविता येते. कल्पित डिस्क ५०० मेगाबाइटांच्या आत ठेवली तर पत्त्यांचा घोटाळा होत नाही. स्थापना एकदा पार पडली की कर्नलची फाइल दुसऱ्या नावाने नकलून, मूळ फाइल पुसून, नक्कल पुन्हा जुन्या नावाने ठेवावी, आणि लिलोची आज्ञा न चालविता यंत्र पुन्हा सुरू करावे. जुने सेक्टर अद्याप कोणी वापरले नसतील तर ते निमूटपणे सुरूही होईल. पुसलेला कर्नल तेथे तसाच पडून असतो. त्या जागी दुसऱ्या फाइली लिहिल्या गेल्यानंतर मात्र ते अडेल.