कोडोलीचा नाद: कुणाचा जीव कुठल्या इंजिनावर?

वाठारहून वारणानगरमार्गे कोडोलीत शिरा आणि बाजारपेठेत जरा थांबा. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो आणि आवाजावरूनच लोक सांगतात, ‘बुलेट आली’, ‘ही आरएक्स’, ‘ही ड्यूक’. एका बाजूला वारणेचा ऊसपट्टा, दुसऱ्या बाजूला जोतिबा-पन्हाळ्याचे चढ. मधल्या या गावातली मोटरसायकल सकाळी दुधाचे कॅन नेते, दुपारी बांधावर उभी राहते आणि रविवारी आंबा घाट चढते. एवढी कामं करणाऱ्या गाडीचं इंजिन माणूस पारखूनच घेणार. पंचगंगा-वारणेच्या काठावर इंजिनांवर जीव लावणाऱ्यांसाठी ही खमंग माहिती.

१. इंजिन कळणारा जिल्हा

कोल्हापूरकरांना इंजिनाची भाषा मोटरसायकलच्या आधीपासून येते. नदीकाठी आणि विहिरीवर पाणी उपसणारं ऑइल इंजिन शेतकऱ्यानं स्वतः हँडल मारून चालू केलं, स्वतः उघडलं आणि स्वतःच बसवलं. शहरातल्या उद्यमनगरात त्याचे सुटे भाग घडले. पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या उभ्या राहिल्या. आज ट्रॅक्टरपासून मोटारींपर्यंत अनेक वाहनांचे बीडाचे भाग इथल्या भट्ट्यांतून निघतात. शिरोलीत तर इंजिनांचे पिस्टनही तयार होतात. रिंग-पिस्टन, बोअर, टॅपेट हे शब्द इथं घरातल्या बोलण्यात येतात, ते यामुळं.

२. ९७.२ सीसीचं राज्य

गावात सगळ्यात जास्त भरवसा कुणावर, तर स्प्लेंडरवर. १९९४ साली आलेल्या या गाडीचा सिलिंडर ५० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. झाले ९७.२ सीसी. हे आडवं, लहान, चार स्ट्रोकचं इंजिन होंडाच्या घराण्यातलं आहे. याच घराण्यातली ‘सुपर कब’ १९५८ साली जपानात आली आणि २०१७ पर्यंत तिच्या १० कोटींहून जास्त गाड्या बनल्या. जगात इतक्या संख्येनं दुसरं कुठलंच मोटारवाहन बनलेलं नाही. कमी पेट्रोल, कमी ताप, स्वस्त सुटे भाग आणि कुठल्याही गावात मिस्त्री. दूध घालायला रोज पहाटे निघणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

३. १९८५: एकाच वर्षी दोन पंथ

१९८५ साली भारतात दोन गाड्या आल्या आणि तरुण दोन गटांत वाटले गेले. एक हिरो होंडाची सीडी १००, चार स्ट्रोकची आणि ‘अ‍ॅव्हरेज’ देणारी. दुसरी यामाहाची आरएक्स १००, दोन स्ट्रोकची आणि ‘पिकअप’ देणारी. आरएक्सचं गणितही सुबक: बोअर (सिलिंडरची रुंदी) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५०, इंजिन ९८ सीसी. ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम १०० किलोंच्या घरात. दोन स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. आरएक्सच्या त्या उडीचं कारण हेच. मात्र थोडं कच्चं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं आणि सोबत जळालेल्या ऑइलचा धूरही येतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १९९६ साली आरएक्स १०० बंद झाली. तिच्यावरचं प्रेम आटलं नाही. नीट राखलेली आरएक्स आजही लोक शोधत फिरतात.

४. उताराला आरएक्सवाल्यानं लक्षात ठेवायची गोष्ट

घाट उतरताना चार स्ट्रोकची गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागं ओढून धरतं. दोन स्ट्रोकला हा ओढा फार कमी, त्यामुळं सगळा भार ब्रेकवर पडतो. शिवाय दोन स्ट्रोकला वंगण पेट्रोलसोबत पोचतं. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला, तर पिस्टनला ऑइल अपुरं पडून इंजिन जाम होण्याची भीती असते. म्हणून जुनी मंडळी उतरताना अधूनमधून हलकी रेस देतात. त्यामागं असं पक्कं यंत्रशास्त्र आहे.

५. ७० बाय ९० की ८९ बाय ६०?

बुलेटवाले आणि ड्यूकवाले एकमेकांना का पटवू शकत नाहीत, याचं उत्तर या दोन आकड्यांच्या जोड्यांत आहे. जुन्या बुलेट ३५० चं बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. पिस्टनला लांब जायचंय, म्हणून इंजिन सावकाश फिरतं आणि कमी फेऱ्यांतच ओढ देतं. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचं पहिलं ३७३ सीसीचं इंजिन याच्या उलट, बोअर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०. पिस्टनची धाव आखूड, म्हणून ते मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या आसपास आपली ४३ अश्वशक्ती दाखवतं. बुलेटची चाल औताच्या बैलाची आणि ड्यूकची शर्यतीच्या घोड्याची. सीसी जवळपास सारखी असली, तरी स्वभावाचं अंतर मोठं आहे.

६. बुलेट सुरू करण्याची विद्या

बीडाच्या इंजिनाची जुनी बुलेट किक मारून सुरू करणं हे शिकायचं काम होतं. अ‍ॅमीटरचा काटा बघायचा, डीकॉम्प्रेशनची कळ दाबून पिस्टन योग्य जागी आणायचा आणि मग पूर्ण अंगानं एकच किक. घाई केली, तर किक उलटी फिरून नडगी फोडायची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्यामुळं दुसरी गाडी चालवणारा बुलेटवर बसला की गोंधळायचाच. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळणी सुरू झालेल्या या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स अनेक दशकं वेगवेगळे होते. २००९ च्या सुमारास ते एकाच आवरणात आले आणि बटन दाबून बुलेट सुरू करणाऱ्यांची पिढी आली.

७. किक आणि गिअर एकाच दांड्यात

म्हैसूरच्या कारखान्यातली जावा आणि येझदी ही जिल्ह्यातल्या जुन्या शौकिनांची आणखी एक आवड. २५० सीसीच्या वर्गातलं दोन स्ट्रोकचं इंजिन, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन! सगळ्यात गंमत म्हणजे किकचा दांडाच गिअरचा दांडा. तो आत दाबून वर फिरवला की किक तयार, गाडी सुरू झाली की परत खाली आणून गिअर. त्या दांड्याला क्लचही जोडलेला असल्यानं हातातला क्लच न दाबता गिअर बदलता यायचा.

८. डिझेलवर धावणारी बुलेट

होय, ती कारखान्यातून अधिकृतपणे यायची. १९९० च्या दशकात एनफिल्डच्या डिझेल गाडीत ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं इंजिन होतं. ताकद अवघी ६.५ अश्वशक्ती आणि वेग बेताचा, पण एका लिटर डिझेलमध्ये सत्तर किलोमीटरच्या आसपास जाणारी. ऑइल इंजिनाच्या ठोक्याला सरावलेल्या शेतकऱ्याला तो आवाज परका वाटला नाही. धूर आणि धक्के मात्र भरपूर. प्रदूषणाच्या नव्या नियमांत ती टिकली नाही.

९. एका सिलिंडरला दोन ठिणग्या

२००१ साली बजाजची पल्सर आली आणि मराठी मुलखातल्या कारखान्यानं तरुणांना दीडशे-एकशेऐंशी सीसीचं वेड लावलं. २००३ साली तिच्यात डीटीएस-आय तंत्र आलं: एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. मिश्रण दोन्हीकडून पेटतं, म्हणून लवकर आणि पुरतं जळतं. ताकदही मिळते आणि पेट्रोलही वाचतं. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज या दोन पंथांना जवळ आणणारी ही गाडी कॉलेजच्या गेटवर उभी राहिली आणि अजूनही हटलेली नाही.

१०. दोन सिलिंडरांचा ठेका

भारतात १९८३ साली आलेली राजदूत ३५० ही दोन सिलिंडरांची, दोन स्ट्रोकची ३४७ सीसीची गाडी. ताकद ३० अश्वशक्तीच्या आसपास, त्या काळातल्या रस्त्यांना न झेपणारी! २०१८ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टरनं दोन सिलिंडर पुन्हा आवाक्यात आणले. ६४८ सीसीच्या या इंजिनाचे क्रँक २७० अंशांत बसवलेले आहेत. त्यामुळं दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं आणि आवाजाला लय येते. हार्ले-डेव्हिडसनच्या पारंपरिक इंजिनाचे दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असतात. त्यातून निघणारा तुटक ठोका आपल्याच नावावर नोंदवावा, म्हणून कंपनीनं १९९४ साली अर्ज केला होता. २००० साली तो मागं घेतला.

११. आपल्या उसावर आपली गाडी

वारणा खोऱ्यातल्या माणसानं अभिमानानं सांगावी अशी ही बाब आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं आणि महाराष्ट्रात ते प्रामुख्यानं साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येतं. टीव्हीएसनं २०१९ साली केवळ इथेनॉलवरही चालणारी अपाची बाजारात आणली होती. मात्र हेही माहीत असावं: एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळं अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं. जुनी कार्बोरेटरची गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नका आणि पेट्रोलची रबरी नळी अधूनमधून तपासून घ्या.

१२. सिलिंडर गॅसचा, गाडी दुचाकी

५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजची फ्रीडम १२५ आली. सीएनजीवर चालणारी, कारखान्यात बनून विक्रीला आलेली ही जगातली पहिली मोटरसायकल. २ किलो गॅस आणि २ लिटर पेट्रोल असे दोन्ही साठे तिच्यात आहेत. गावाजवळ सीएनजीचा पंप असला, तर रोज लांब जाणाऱ्यानं तिचा हिशेब जरूर मांडून बघावा.

१३. पुंगळी काढू नका

आवाजाचा नाद समजू शकतो, कारण इंजिनाचा मूळ ठेका खरंच गोड असतो. सायलेन्सरची पुंगळी काढली की तो ठेका जातो आणि उरतो नुसता गोंगाट. कारखान्यातून निघतानाच गाडीला आवाजाची मर्यादा घालून दिलेली असते: ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल आणि त्यावर ८० डेसिबल. बदललेल्या सायलेन्सरसाठी मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. झोपलेलं बाळ, आजारी माणूस आणि अभ्यासाला बसलेली पोरं प्रत्येक गल्लीत असतात. त्यांची झोप आणि अभ्यास मोडून मिरवण्यात कसलाही नाद नाही.

मग घ्यावं कुठलं?

- रोज दूध, बाजार, शेत: १०० ते ११० सीसी, चार स्ट्रोक.
- कोडोली-कोल्हापूर रोजची ये-जा, कधी मागं माणूस: १२५ ते १६० सीसी.
- सावकाश, लांबचा प्रवास, सोबत सामान: लांब स्ट्रोकचं ३५० सीसी.
- घाट, वेग आणि हातात पक्की सवय: आखूड स्ट्रोकचं ४०० सीसीपर्यंतचं इंजिन. सोबत हेल्मेट, जॅकेट आणि एबीएस.
- जुनं दोन स्ट्रोक: कागदपत्रं स्वच्छ असतील आणि ओळखीचा मिस्त्री असेल तरच.

आमचा निकाल सरळ आहे: सीसीचा आकडा बघून नव्हे, आपल्या वाटेचा चढ आणि आपल्या गाडीवरचं ओझं बघून इंजिन निवडावं. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून गाडी ठरवू नका. टेस्ट राइड मागून घ्या, मागं माणूस बसवा, जवळचा चढ चढवून बघा आणि मगच पैसे भरा.