गुडघा किती टक्के?

ऑफिसात शिरताना त्याने दारातल्या फरशीवर कुबडी टेकवली, थबकला, पुन्हा दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "ताई, ही पोकळ आहे. खाली माल नीट भरलेला नाही." मग खुर्चीत बसला.

वय 34, धंदा फरशी मिस्त्रीचा. मोटरसायकलवरून कराडहून साताऱ्याला येताना मागून टेम्पोने उडवलं होतं. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली, दोन ऑपरेशनं झाली. बायकोच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळे कागद कोंबलेले. सातारच्या कोर्टात अपघाताचे दावे चालवताना अशा पिशव्या मी पुष्कळ उलगडल्या आहेत. ही मात्र बाजूला ठेवली आणि म्हटलं, "दादा, कामावर बसता तसं बसून दाखवा."

भिंतीला धरून तो खाली गेला. डावा पाय दुमडला. उजवा काटकोनात आला आणि तिथेच अडकला. फरशीवाला दिवसभर उकिडवा असतो; फरशी ठोकायची, दोरी बघायची आणि उकिडवंच मागे सरकायचं. त्याच्या कपाळावर घाम आला. "एवढंच बसतंय," तो म्हणाला.

आता सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर काय होतं ते बघा: उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व 36 टक्के. विमा कंपनीचे वकील लगेच म्हणतात, हे टक्के पायाचे झाले, अख्ख्या शरीराचे धरायचे तर तिसरा हिस्सा, म्हणजे 12. आणि भरपाईही 12 टक्क्यांच्या हिशोबाने द्या.

इथेच बहुतेकांची फसगत होते. अपंगत्वाचे टक्के वेगळे आणि बुडालेल्या कमाईचे टक्के वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे स्पष्ट केलं. त्यात दिलेलं उदाहरण मी प्रत्येक पक्षकाराला सांगते: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकतेही. हात तोच, नुकसान वेगळं.

हिशोब करून दाखवते. मिस्त्रीची कमाई महिना 15,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरायचे. हे 2017 च्या प्रणय सेठी निकालातलं प्रमाण. झाले 21,000, वर्षाचे 2,52,000. याला वयानुसार गुणक लावतात. 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात 31 ते 35 वयाला तो 16 आहे. गुणाकार 40,32,000. याचे 12 टक्के म्हणजे 4,83,840. पण कमाई 40 टक्क्यांनी घटली असं सिद्ध झालं, तर 16,12,800. दवाखान्याचा खर्च, वेदना, काम बंद होतं त्या महिन्यांची मजुरी हे सगळं याशिवाय. एका गुडघ्याच्या दोन किमतींत अकरा लाखांहून जास्त फरक, आणि तो भरून काढायचा पुराव्याने.

ही लढाई कोर्टात उभी राहते, पण तिचा पाया पहिल्या आठवड्यातच पडतो. दवाखान्यात भरती होताना 'वाहन अपघात' अशी नोंद झाली का, ते घरच्या कुणीतरी बघावं. फिर्याद आणि घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल घ्यावी, समोरच्या गाडीचा नंबर आणि विमा तपासावा. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे अपघाताची पहिली खबर 48 तासांत पोलिसांनी दावा प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवायची असते. कळवली का, हे विचारायला लाजू नये. औषधाची चिठ्ठी आणि बिल एकत्र टाचून ठेवावं. गाडी लगेच दुरुस्त करू नये, आधी फोटो काढावेत.

दावा आपण राहतो तिथेही टाकता येतो; अपघात बेळगावला झाला म्हणून दर तारखेला बेळगाव गाठावं लागत नाही. एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. त्या मुदतीवर न्यायालयात वाद आहेत, पण वादाच्या भरवशावर बसू नका. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला 50,000 आणि मृताच्या वारसांना 2 लाखांची सरकारी योजना आहे. तो अर्ज तहसीलदार किंवा प्रांतांकडे जातो.

मोटरसायकलवाल्याला आणखी एक आरोप ऐकावा लागतो: हेल्मेट नव्हतं, म्हणजे चूक याचीच. डोक्याला मार असेल तर या युक्तिवादाला वजन येतं. फुटलेल्या गुडघ्याशी हेल्मेटचा काय संबंध? सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तिबलसीटच्या प्रकरणातही हेच तत्त्व लावलं: नियम मोडला एवढं दाखवून भागत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. तरीही हेल्मेट घालाच. कवटीची भरपाई करून देणारं कोर्ट मी अजून पाहिलेलं नाही.

टक्क्यांचा तिसरा प्रकार दवाखान्याच्या दारातच भेटतो. रुग्ण स्ट्रेचरवर असताना कुणीतरी कार्ड पुढे करतं: "क्लेम करून देतो, आत्ता काही देऊ नका, नंतर टक्केवारी." मिस्त्रीच्या बायकोलाही असा एक जण भेटला होता. तिने कोऱ्या वकीलपत्रावर सही केली नाही, हे तिचं शहाणपण. निकालाच्या रकमेवर टक्के ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अपंगांना तिथे मोफत वकील मिळू शकतो.

आमच्या दाव्यात दोन गोष्टी कामाला आल्या. एक ठेकेदाराची हजेरीची वही. दुसरी, पुतण्याने कधीतरी मोबाईलवर काढलेला फोटो: काका उकिडवा बसून रबरी हातोड्याने फरशी ठोकतोय. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी गुडघा किती वाकतो ते साक्षीत सांगितलं. उलटतपासात ठेकेदाराला विचारलं गेलं, हा आता देखरेखीचं काम करू शकतो ना? ठेकेदार म्हणाला, "देखरेखीला मी आहे की साहेब."

पुढे लोकअदालतीत विमा कंपनी 40 टक्क्यांवर तयार झाली. तडजोडीतली बरीचशी रक्कम मुदत ठेवीत ठेवली. गुडघा मात्र अजून काटकोनातच अडकतो.

महिन्याभराने मिस्त्री पुतण्याला घेऊन ऑफिसात आला. स्वतः खुर्चीत बसला आणि तिथूनच कुबडीने दाखवत दारातली फरशी उचलायला लावली, माल भरून घेतला, पुन्हा बसवून घेतली. पैसे विचारले तर म्हणाला, "पोराची मजुरी द्या. मी काय, नुसता बसलो होतो."